वाचकांचे प्रश्न : कॉलेज सांभाळून कामाचा अनुभव

या अंकासाठी निवडलेल्या बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच समजूत आहे: कामाच्या जागी पाऊल ठेवलं की अनुभव आपोआप अंगात मुरतो. तसं होत नाही. सहा महिने रोज कामावर जाऊनही हाती काही न लागलेले विद्यार्थी असतात आणि आठवड्याचे आठ तास देऊन पुष्कळ शिकलेलेही असतात. फरक तीन गोष्टींनी पडतो: केलेल्या कामाची नोंद, चूक दाखवून देणारा जाणता माणूस, आणि वर्गातल्या एखाद्या धड्याशी त्या कामाचं जुळलेलं नातं. पुढची उत्तरं या तीन गोष्टी धरूनच दिली आहेत.

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा मित्र आठवड्याला २५ तास काम करतो आणि जमतं म्हणतो. मी किती तासांचं काम घ्यावं?

मित्राचा आकडा बाजूला ठेवा आणि कागदावर स्वतःचा आठवडा मांडा. एकूण तास १६८. रोज ८ तास झोप धरली की ५६ गेले. जेवण, अंघोळ, कपडे, खोलीची आवराआवर यांना रोज ३, म्हणजे २१. कॉलेजला जाण्यायेण्याचे आठवड्याला १० धरू. राहिले ८१. लेक्चर आणि प्रॅक्टिकल मिळून २४ तास असतील तर घरच्या अभ्यासालाही निदान २४ तास हवेत. राहिले ३३.

घरच्या अभ्यासाचा आकडा कमी लावायचा मोह सगळ्यांनाच होतो आणि हिशेब तिथेच फसतो. अमेरिकेतल्या क्रेडिटच्या (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं एकक) व्याख्येत वर्गातल्या दर तासामागे वर्गाबाहेरचे किमान दोन तास धरलेले असतात. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास आणि वर्षाला ६० क्रेडिट, म्हणजे १५०० ते १८०० तासांचा अभ्यास धरतात. त्या मानाने आपण इथे तासाला तास धरला, तो कमीच आहे.

आता ३३ मधून विश्रांती, खेळ आणि घरच्या माणसांसाठी १० काढा. ताप, सबमिशन, बिघडलेला लॅपटॉप अशा अडीअडचणींसाठी ८ राखून ठेवा. हातात राहिले १५. यातच कामाच्या जागी जाण्यायेण्याचा वेळही धरायचा आहे. तीन दिवस जायचं आणि दर खेपेला दीड तास प्रवास, तर साडेचार तास रस्त्यातच गेले. प्रत्यक्ष कामाला साडेदहा. कामाच्या ठिकाणी कबूल करायचा आकडा हा, १५ नव्हे.

पहिले चार आठवडे यापेक्षाही कमी, ८ तास घ्या. नवीन जागेचा शीण सुरुवातीला जास्त असतो. नंतर वाढवता येतात. वाढवलेले तास कमी करून मागणं मात्र अवघड जातं. २० तासांच्या वर जायचं असेल तर त्या सेमिस्टरला विषय कमी घ्या. दोन्ही पूर्ण वेगाने ओढायचा प्रयत्न करू नका.

तासांची वाटणीही पाहा. दोन-दोन तासांच्या पाच पाळ्यांपेक्षा पाच-पाच तासांच्या दोन पाळ्या चांगल्या. दर पाळीला प्रवास होतो, कामाचा सूर लागायला अर्धा तास जातो, आणि दोन तासांत कोणतंही काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायला मिळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॅक्टिकल असेल तर आदल्या रात्रीची पाळी घेऊच नका. प्रयोगशाळेत पेंगत काम करणं धोक्याचं असतं.

आणि एक खूण लक्षात ठेवा. जास्त काम घेतलं की आधी झोप कमी होते, मग असाइनमेंट रेंगाळतात, आणि गुण सर्वांत शेवटी घसरतात. म्हणून निकालाची वाट पाहू नका. लागोपाठ दोन असाइनमेंट उशिरा गेल्या, की त्याच आठवड्यात कामाचे तास एक तृतीयांशाने कमी करा.

प्रश्न : शिकत असताना थोडं थोडं काम करावं, की एक सेमिस्टर पूर्ण वेळ कामाला द्यावं?

हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. १९०६ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी अभियांत्रिकीच्या २७ विद्यार्थ्यांवर एक योजना सुरू केली. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावायच्या. एक जण आठवडाभर वर्गात, दुसरा कारखान्यात, आणि पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कारखान्यातली जागा कधी रिकामी राहत नसे, ही यातली कळीची सोय. आठवड्याच्या पाळीत एक अडचण मात्र उघड आहे: हातातलं काम आठवड्याच्या शेवटी संपलेलं असेलच असं नाही, आणि अर्ध्यावर सोडलेल्या कामातून अर्धंच शिकायला मिळतं. पुढे अनेक ठिकाणी पाळ्या लांबल्या. १९५७ साली सुरू झालेल्या कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात आज चार महिने वर्ग आणि चार महिने काम असं चक्र चालतं. जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातल्या दुहेरी उच्चशिक्षणात, ज्याची सुरुवात १९७४ मध्ये झाली, साधारण तीन-तीन महिन्यांच्या पाळ्या असतात. विद्यार्थ्याचा कंपनीशी करार असतो आणि वर्गातल्या महिन्यांतही त्याला वेतन मिळतं. ब्रिटनमधल्या सँडविच अभ्यासक्रमात एक तर मधलं पूर्ण वर्ष बाहेर काढतात किंवा सहा-सहा महिन्यांचे दोन तुकडे करतात.

तुमच्यासाठी निकष असा. तुमच्या क्षेत्रातलं एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्हायला किती दिवस लागतात? हिशेब लिहिणं, शिकवणी घेणं, छोटी वेबसाइट करणं ही कामं काही तासांच्या किंवा दिवसांच्या तुकड्यांत बसतात, म्हणून ती अभ्यासाबरोबर चालतात. इमारतीचं बांधकाम, रसायनाची प्रक्रिया, उत्पादनाची लाइन, ऑडिट यांना सलग उपस्थिती लागते. मंगळवारी आणि शुक्रवारी बांधकामावर जाणाऱ्याला स्लॅबची सळई बांधलेली दिसते आणि पुढच्या खेपेला काँक्रीट ओतून झालेलं. मधली तपासणी, जी शिकण्यासारखी, तीच हुकते. अशा क्षेत्रात निदान आठ ते बारा आठवडे सलग द्या. पहिले दोन आठवडे जागा आणि माणसं कळण्यात जातात, शेवटचा आठवडा काम सोपवण्यात आणि अहवालात. चार आठवड्यांच्या इंटर्नशिपमध्ये हातात राहतो एकच आठवडा, हे ती घेण्यापूर्वी जाणून असा.

प्रश्न : सगळीकडे अनुभव मागतात. पहिलं काम अनुभवाशिवाय कसं मिळवायचं?

पहिलं काम बहुधा कॉलेजच्या आवारातच असतं. प्रयोगशाळेतली उपकरणं मोजून-तपासून ठेवणं, वर्कशॉपमधल्या हत्यारांची नोंदवही, ग्रंथालयाची यादी, संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांचा डेटा तपासणं. हे काम छोटं दिसतं, पण त्याला देखरेख करणारा माणूस असतो आणि नंतर शिफारस देणाराही तोच. सॉफ्टवेअरवाल्यांनी मुक्त स्रोत प्रकल्पातला, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा प्रकल्पातला, एखादा छोटा दोष घ्यावा. तो आपल्या मशीनवर पुन्हा घडवून दाखवावा, दुरुस्त करावा आणि त्याची चाचणी लिहावी. असा एक नीट केलेला बदल, नुसत्या दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतो.

बाहेर अर्ज पाठवताना पत्र दीडशे शब्दांच्या आत ठेवा. पहिल्या दोन ओळींत काय येतं ते सांगा, पण पुराव्यासकट. ‘मला एक्सेल येतं’ असं लिहू नका. ‘८०० ओळींच्या हजेरीपत्रकातून पिव्हट टेबल (गटवार बेरजेचा तक्ता) करून विषयवार गैरहजेरी काढली, फाइल जोडली आहे’ असं लिहा. मग कोणते दिवस, किती तास आणि कोणत्या तारखेपर्यंत मोकळे आहात ते लिहा. काम देणाऱ्याच्या मनातला पहिला प्रश्न तोच असतो आणि बहुतेक अर्जांत त्याचं उत्तर नसतं. आठवडाभर उत्तर आलं नाही तर एकदा विचारा. दुसऱ्यांदाही नाही आलं, तर पुढे चला.

प्रश्न : इंटर्नशिपसाठी एका जागेने ‘उद्यापासून या’ एवढंच सांगितलं. काही लिहून घ्यावं का?

जरूर घ्यावं. एक पान पुरतं, ईमेलही चालतो. त्यात काम सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, आठवड्याचे तास, मोबदला किंवा स्टायपेंड किती आणि कधी, देखरेख कोण करणार त्यांचं नाव आणि हुद्दा, कामाचं दोन-तीन ओळींत स्वरूप, परीक्षेच्या काळातली सुट्टी, कामावर इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, आणि अहवालात काय छापता येईल काय नाही, एवढं यावं.

शेवटच्या मुद्द्यावर फार थोडे विद्यार्थी विचार करतात आणि तोच नंतर अडतो. तीन महिने काम केल्यावर कळतं की आकडे, नकाशे, कोड, ग्राहकांची नावं यातलं काहीच अहवालात देता येत नाही. आधी विचारलं तर बहुधा वाट निघते: ग्राहकाला ‘अ’ म्हणायचं, रकमा एका ठरावीक पटीने बदलून द्यायच्या, यंत्राचा फोटो न देता हाताने रेखाकृती काढायची.

आणि समोरच्याने पत्र दिलं नाही, तर तुम्हीच लिहा: ‘आज बोलणं झालं त्याप्रमाणे मी अमुक तारखेपासून आठवड्याला १० तास येईन, माझ्या कामावर अमुक मॅडम देखरेख करतील. काही चुकत असल्यास कळवावं.’ असा ईमेल पाठवून ठेवला की पुढच्या गैरसमजांना फारशी जागा राहत नाही.

प्रश्न : कॉलेजने लॉगबुक लिहायला सांगितलं आहे. रोज ‘साइटवर गेलो, काम पाहिलं’ याशिवाय लिहायला काही सुचत नाही. यात लिहायचं तरी काय?

या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण आमच्या मते अनुभवाचं शिक्षणात रूपांतर होतं ते याच वहीत.

वेळ ठरवा: काम सुटण्यापूर्वीची शेवटची दहा मिनिटं. घरी जाऊन लिहीन म्हटलं की आकडे विसरतात आणि उरतं ते ‘काम पाहिलं’. रविवारी बसून आठवड्याची पानं भरली तर ती सगळी एकाच शाईची आणि एकाच सुराची होतात. तपासणाऱ्याला पहिल्या पानावर कळतं.

दर नोंदीत तारीख-वेळ, केलेलं काम एका वाक्यात, कोणतं यंत्र, हत्यार किंवा सॉफ्टवेअर, आणि निदान एक आकडा असावा. मग काय बिघडलं, का बिघडलं असं वाटतं, कोणी काय सुचवलं. शेवटी एक प्रश्न, जो तुम्ही वर्गात किंवा पुस्तकात शोधणार आहात. डावीकडचं पान नोंदीला आणि उजवीकडचं कोरं. तो प्रश्न सुटला की उत्तर उजवीकडे, नवी तारीख घालून. उजवी पानं किती भरली, यावरून वही जिवंत आहे की नाही ते कळतं.

यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याची नोंद अशी असू शकते (लेथ म्हणजे तुकडा फिरवत कापणारं यंत्र, जॉब म्हणजे तो तुकडा, टर्निंग म्हणजे ते कापणं, चक म्हणजे जॉब पकडणारा जबडा, टेलस्टॉक म्हणजे समोरून आधार देणारा भाग): ‘५० मिमी व्यासाचा पोलादी जॉब लेथवर, कापण्याचा वेग मिनिटाला ३० मीटर धरायला सांगितला. एका टोकाला चकमध्ये धरला, दुसरं टोक मोकळं, बाहेर २२० मिमी. टर्निंग झाल्यावर मोकळ्या टोकाला व्यास ०.०८ मिमी जास्त. कारण? ऑपरेटर म्हणाले, टेलस्टॉकचा आधार दे.’ रात्री उजव्या पानावर: ‘फेरे = १००० × वेग ÷ (३.१४ × व्यास) = ३०००० ÷ १५७ = १९१. लेथवर त्याच्या खालचा उपलब्ध वेग घेतला होता, ते बरोबर. जाडी जास्त राहिली कारण आधार नसलेलं टोक हत्याराच्या दाबाने मागे वाकतं आणि कमी कापलं जातं. बीमच्या (तुळईच्या) धड्यातला एका बाजूने पक्का धरलेला कॅन्टिलिव्हर तो हाच. वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून लांबी दुप्पट झाली की वाकणं आठपट.’ बीमचं सूत्र पाठ केलेले पुष्कळ असतात. ते लेथवर ओळखता आलं, ते या दोन पानांमुळे.

वाणिज्य शाखेतली नोंद: ‘वहीतली शिल्लक आणि बँकेचं स्टेटमेंट यात ५४० चा फरक. दोन तास शोधलं.’ उजव्या पानावर: ‘फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो का ते आधी पाहायचं. जात असेल तर आकडे उलटे लिहिल्याचा संशय. ७१५ च्या जागी १७५ लिहिलं होतं, फरक ५४०. तसं नसेल तर फरकाची निम्मी रक्कम शोधायची. तेवढी नोंद चुकीच्या बाजूला गेली असेल तर फरक दुप्पट दिसतो.’ जैवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मायक्रोपिपेट (थोडासा द्रव अचूक मोजून घेण्याचं साधन) तपासताना: ‘१००० मायक्रोलिटर शुद्ध पाणी, २० अंश सेल्सिअस, दहा वेळा तराजूवर. अपेक्षित साधारण ०.९९८ ग्रॅम. पहिली तीन वजनं कमी, पुढची नीट. टिप (पिपेटच्या टोकाची नळी) आधी पाण्याने भिजवून घेतली नव्हती.’

आठवड्यातून एकदा अर्धा तास बसून सगळ्या नोंदी वाचा आणि पाच ओळी लिहा: या आठवड्यात एकट्याने करता येऊ लागलं असं काय, अजून मदतीने होतं असं काय, तीच चूक पुन्हा झाली का. देखरेख करणाऱ्यांची सही याच पाच ओळींखाली घ्या. रोजच्या पानावर सही मागितली तर कोणी न वाचता करतं. आठवड्याच्या पाच ओळी मात्र वाचल्या जातात, आणि बरेचदा खाली एखादा शेरा मिळतो. तो शेरा जपा.

प्रश्न : दोन महिने झाले, मला फक्त झेरॉक्स, डेटा एंट्री आणि निरोप पोहोचवणं एवढंच देतात. सोडून द्यावं का?

दोन महिने थांबायला नको होतं. दोन आठवड्यांनी बोलायला हवं होतं. अजूनही बोला. ‘मला चांगलं काम द्या’ असं म्हणू नका, कारण ते चांगलं काम कोणतं हे शोधण्याचं ओझं त्यांच्यावर पडतं. तुम्ही पाहिलेल्या कामांतून तीन छोटी कामं निवडून कागदावर न्या: प्रत्येकाला किती वेळ लागेल, चुकलं तर नुकसान किती, आणि तपासायला त्यांची किती मिनिटं जातील. ‘गेल्या महिन्याच्या तक्रारी प्रकारानुसार मोजून तक्ता करतो, चार तास लागतील, तुमची दहा मिनिटं’ अशा मागणीला नाही म्हणणं कठीण असतं.

काम न मिळण्यामागे दुष्टावा क्वचित असतो. बहुतेक वेळा भीती असते: शिकाऊ माणसाने बिघडवलं तर निस्तरणार कोण. म्हणून चुकलं तरी फारसं न बिघडणारी कामं आधी मागा आणि वेळेवर पुरी करून द्या. शिवाय डेटा एंट्रीतही शिकण्यासारखं असतं. त्याच त्याच चुका कुठे होतात ते टिपा, फॉर्ममधला कोणता रकाना लोक चुकीचा भरतात ते मोजा आणि सुधारित फॉर्मचा नमुना पुढे ठेवा.

बोलूनही आणखी तीन आठवड्यांत काही बदललं नाही, आणि तुमचे निम्म्याहून जास्त तास शिकण्याशी संबंध नसलेल्या कामात जात असतील, तर सोडा. कॉलेजच्या मार्गदर्शकांना आधी सांगा, लेखी कळवा, आणि हातातलं काम कोणाला तरी नीट सोपवून निघा.

प्रश्न : मी अर्थशास्त्र शिकते आणि संध्याकाळी दुकानाच्या काउंटरवर काम करते. विषयाशी संबंध नसलेल्या कामाचा काही उपयोग असतो का?

तुमच्या बाबतीत संबंध अगदी जवळचा आहे. मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की विक्री किती बदलते, तुम्ही फळ्यावर शिकता आणि काउंटरवर रोज पाहता. मालकांची परवानगी घेऊन एकच वस्तू निवडा. आठ आठवडे रोज तिची किंमत, विकलेले नग, साठा संपला होता का आणि वार कोणता, हे लिहा. किंमत बदलली त्या आठवड्याच्या आधीची आणि नंतरची विक्री काढा. विक्रीतला शेकडा बदल भागिले किमतीतला शेकडा बदल, ही झाली लवचिकता. किंमत १० टक्क्यांनी वाढून विक्री ४ टक्क्यांनी घटली तर ०.४, म्हणजे लोक ती वस्तू सहजी सोडत नाहीत. साठा संपलेले दिवस गणितातून वगळा, नाहीतर माल नव्हता म्हणून झालेली घट तुम्ही किमतीच्या माथी माराल. दिवसांची तुलनाही त्याच वारांशी करा. यावर प्रकल्प होतो आणि तो पुस्तकातल्या तयार आकड्यांपेक्षा कितीतरी सरस ठरतो.

इतर विषयांच्या विद्यार्थ्यांनाही रोख जुळवणं, चिडलेल्या ग्राहकाशी बोलणं, वेळेवर येणं यांचा उपयोग आहेच. फक्त अशा कामाचा शिकण्याचा भाग पहिल्या तीन-चार महिन्यांत संपतो. पुढे पैशांसाठी करत असाल तर अवश्य करा, पण विषयातल्या अनुभवासाठी वेगळी सोय पाहा.

प्रश्न : काम पूर्ण केलं, प्रमाणपत्र आणलं, तरी कॉलेज क्रेडिट द्यायला तयार नाही. कारण काय असावं?

बहुधा पूर्वमान्यता नसावी. क्रेडिटसाठीचं काम सुरू होण्यापूर्वी विभागाकडून मंजूर करून घ्यावं लागतं. त्यात तास, मार्गदर्शक आणि शिकण्याची उद्दिष्टं लिहिलेली असतात. उद्दिष्ट ‘मार्केटिंग समजून घेणं’ असं नको, कारण ते झालं की नाही हे कोणी तपासू शकत नाही. ‘५० ग्राहकांची प्रश्नावली तयार करून, भरून घेऊन तिचं विश्लेषण सादर करणं’ असं हवं.

आता झालेल्या कामासाठी विचारायचं असेल तर प्रमाणपत्रावर विसंबू नका. तासांची नोंद, लॉगबुक, तुमच्या हातचं काम आणि देखरेख करणाऱ्यांचं सविस्तर पत्र घेऊन विभागप्रमुखांना भेटा. आधीच्या अनुभवाला मूल्यमापन करून मान्यता देण्याची तरतूद काही संस्थांत असते. तीही नसेल, तर तेच काम पुढच्या सेमिस्टरच्या प्रकल्पाचा पाया म्हणून वापरता येईल का ते विचारा.

अहवालाबद्दल थोडं. पंचवीस पानांचा असेल तर संस्थेची माहिती दोन पानांत संपवा. तिथल्या कामाची पद्धत तीन पानं, तुम्ही स्वतः केलेलं काम दहा, अडचणी आणि त्यांची कारणं चार, अभ्यासक्रमाशी नातं तीन, आणि उरलेली तीन आकृत्या व निवडक लॉगची. आम्ही पाहतो ते अहवाल नेमके उलटे असतात: पंधरा पानं कंपनीच्या माहितीपत्रकातून उतरवलेली आणि स्वतःचं काम दीड पानात.

प्रश्न : मी प्राध्यापक आहे. आमच्या विभागात ६० विद्यार्थी बारा आठवड्यांसाठी बाहेर जाणार आहेत आणि मार्गदर्शक चार. मूल्यमापन कसं करावं?

आधी वेळेचा हिशेब. एकेका मार्गदर्शकाकडे १५ विद्यार्थी. प्रत्येकाला दोन भेटी द्यायच्या आणि एक भेट अर्ध्या दिवसाची धरली तर ३० अर्धे दिवस, म्हणजे आठवड्याला अडीच अर्धे दिवस. नेहमीचा शिकवण्याचा भार तसाच ठेवून हे होणार नाही आणि मग भेटी कागदावरच होतील. विभागाने भार कमी करावा, किंवा एकाच जागी तीन-चार विद्यार्थी पाठवून भेटी एकत्र कराव्यात. पहिली भेट तिसऱ्या आठवड्यात हवीच. काम चुकीचं मिळालं असेल तर ते तेव्हाच बदलता येतं. सहाव्या आठवड्यात कळून उपयोग नाही.

शंभर गुणांची वाटणी आम्ही अशी सुचवू: लॉगबुक ३०, अहवाल २५, कामाच्या जागेवरचं मूल्यमापन २५, व्हायवा (तोंडी परीक्षा) २०. जागेवरच्या मूल्यमापनाला याहून जास्त वजन देऊ नका, कारण बाहेरची माणसं जाणाऱ्या विद्यार्थ्याला उदार हाताने गुण देतात. त्यांच्या फॉर्ममध्ये १ ते ५ आकडे न ठेवता कामांची यादी द्या आणि प्रत्येकापुढे ‘एकट्याने करतो’, ‘मदतीने करतो’, ‘करायची वेळ आली नाही’ यांपैकी एकावर खूण मागा. यातून खरी माहिती मिळते. व्हायवात लॉगबुकचं कोणतंही पान उघडा आणि त्यावरच विचारा: हा आकडा कुठून आला, दुसऱ्या पद्धतीने केलं असतं तर काय झालं असतं. नोंद स्वतःची नसेल तर दुसऱ्या प्रश्नाला कळतं.

प्रश्न : परीक्षेच्या पंधरवड्यात सुट्टी मागितली तर काम जाईल अशी भीती वाटते.

परीक्षेचं वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी कळवा, निदान महिनाभर आधी. सोबत तुमच्या गैरहजेरीत काम कसं चालेल ते लिहून द्या: काय आधी उरकाल, कोणती फाइल कुठे आहे, परत कोणत्या तारखेला. काम देणाऱ्याची खरी चीड सुट्टीपेक्षा ऐनवेळच्या फोनवर असते. परीक्षेच्या आठवड्यांत तास शून्य ठेवा. ‘फक्त दोन तास येतो’ म्हणालात तर अर्धा दिवस जातो.

प्रश्न : वर्कशॉपमध्ये पहिल्याच दिवशी प्रेस मशीनवर (दाब देऊन धातू कापणाऱ्या किंवा वाकवणाऱ्या यंत्रावर) उभं राहायला सांगितलं. नाही म्हणावं का? आणि म्हणायचं तर बोलायचं कसं?

प्रशिक्षणाशिवाय सांगितलं असेल तर होय, नाही म्हणा. यंत्राला हात लावण्यापूर्वी पाच गोष्टी प्रत्यक्ष दाखवून घ्या: आणीबाणीत बंद करण्याचं बटण कुठे आहे आणि ते चालतं का, गार्ड (हात आत जाऊ न देणारं झाकण) जागेवर आहे का, अडकलेला तुकडा काढताना वीज तोडून कुलूप कसं लावायचं, डोळ्यांना आणि कानांना काय घालायचं, आणि इजा झाली तर पहिला निरोप कोणाला द्यायचा. प्रेसवर सुरक्षेचा गार्ड किंवा दोन हातांची बटणं काढून अथवा बांधून ठेवलेली दिसली, तर त्या यंत्रावर काम करू नका, कोणी कितीही अनुभवी माणूस तसं चालवत असला तरी. सैल बाह्या, अंगठी, गळ्यातली साखळी, मोकळे केस फिरत्या यंत्राजवळ नकोत. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजेही नकोत, कारण मोजा अडकला की हात ओढला जातो.

बोलायचं कसं, असं तुम्ही पुढे विचारलं आहे. ‘हे मला शिकायचं आहे. आज शेजारी उभं राहून पाहतो, उद्या तुम्ही जवळ असताना चालवतो’ एवढं पुरे. तरीही आग्रह झाला तर त्याच दिवशी कॉलेजच्या मार्गदर्शकांना फोन करा, आणि झालेलं बोलणं तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवा.